‘नकली हॅवरसॅक’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्याकडून घेतलेलं १९३७ पॅटर्नचं हॅवरसॅक (ब्रिटिश लष्कराच्या १९३७ सालच्या नमुन्याची सैनिकी कापडी पिशवी) नकली असल्याची तीन कारणं तुम्ही दिली आहेत: शिक्का ब्रिटिश नाही, यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली कापड चमकतं आणि दोन पट्ट्यांवर वेगवेगळी सालं आहेत. वस्तू अस्सल आहे. याच कारणांवरून बरेच जण चांगला माल नाकारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शिक्का. झाकणाच्या आतल्या बाजूला बाण (सरकारी लष्करी मालाची खूण) आणि त्याखाली ‘आय’ अक्षर आहे, ती भारतात बनलेल्या मालाची खूण. नुसता बाण ब्रिटिश, ‘सी’च्या पोटात बाण असेल तर कॅनडा, दोन ‘डी’च्या मधे असेल तर ऑस्ट्रेलिया, ‘यू’च्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका. भारतीय माल हाताला जरा जाडाभरडा लागतो, त्यामुळे ब्रिटिश नग शेजारी ठेवला की शंका येणारच. पण बाणावरून देश कळतो, काळ नाही. हे वेबिंग (जाड सुती पट्ट्यांचं सैनिकी सामान) ब्रिटनमध्ये १९५८ पॅटर्न येईपर्यंत चाललं आणि भारतातही युद्धानंतर बरीच वर्षं वापरात होतं. साल वाचता आलं तरच आम्ही ‘महायुद्धकालीन’ लिहितो. तुमच्या नगावर १९४३ आहे.

साल मागाहून मारलंय का, हे भिंगातून बघा. टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. जुनी शाई धाग्यात मुरलेली असते, कडा किंचित पसरलेल्या असतात आणि मळ किंवा ब्लँको (वेबिंगवर चोळायचा रंगाचा लेप) शाईच्या वर चढलेला असतो. नवी शाई बहुधा विणीच्या उंचवट्यांवरच बसते आणि मळाच्याही वर दिसते. तुम्हीच टाकलेल्या दुसऱ्या फोटोत झाकणाच्या कडेवरून आत उतरलेला हिरवट ब्लँको ‘३’च्या शेपटावर चढलाय.

आता चमक. हल्लीच्या डिटर्जंटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर (कापड उजळ दिसावं म्हणून घातलेली, यूव्हीत निळसर चमकणारी रसायनं) असतात. एकदा साबणाने घासलं की ऐंशी वर्षांचं सुती कापडही निळसर चमकतं. ‘झाकण बाहेरून घासलेलं’ हे आम्ही वर्णनात लिहिलं होतं. तुमच्या फोटोत झाकण चमकतंय आणि आतला, मेसटिन (सैनिकाचा जेवणाचा डबा) व पाण्याच्या बाटलीचे कप्पे करणारा पडदा काळोखा आहे. मूळ कापडातच ब्राइटनर असते तर पडदाही तसाच चमकला असता. उलट बाजूही लक्षात ठेवा: न चमकणारं कापड जुनंच असतं असं नाही, ब्राइटनर नसलेलं सुती कापड आजही मिळतं. यूव्हीपेक्षा धागा जाळून बघणं जास्त भरवशाचं. आतल्या शिवणीचं सुटलेलं टोक ३-४ मिलिमीटर कापा, चिमट्यात धरून वस्तूपासून दूर जाळा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होतो, पॉलिएस्टर किंवा नायलॉन वितळून कडक मणी होतो. दोन-तीन ठिकाणचे धागे घ्या, कारण एखादी शिवण नंतर दुरुस्त केलेली असू शकते.

पट्ट्यांवरची सालं वेगळी असणं अगदी नेहमीचं आहे. पट्टे सुटे बनायचे, सुटे बदलले जायचे आणि भांडारातून हाताला येईल ते मिळायचं. सगळ्या नगांवर एकच कारखाना आणि एकच साल दिसलं, तर तो संच बहुधा नंतर कुणा संग्राहकाने जुळवलेला असतो.

एक कळकळीची विनंती. ‘धुऊन, बकलं लिंबाने चकचकीत करून बघतो’ असं तुम्ही लिहिलंय, ते कृपया करू नका. धुतल्यावर शाई फिकी पडते, ब्लँको जातो आणि कापड आटतं. लिंबाच्या आम्लाने पितळेतलं जस्त विरघळून पृष्ठभाग गुलाबी पडतो, मूळ पिवळा रंग आपोआप परत येत नाही. शिवाय आम्ल विणीत उतरून सूत कमकुवत करतं. बकलांवरचा हिरवा थर बांबूच्या काडीने कोरडाच खरवडा, धूळ मऊ ब्रशने झटका.

एवढ्यावरही खात्री नसेल तर न धुता परत पाठवा. पूर्ण पैसे देऊ, पाठवणीचा खर्चही आमचा. पाठवण्याआधी शिक्क्याचा आडव्या प्रकाशातला एक फोटो मात्र काढून ठेवा, म्हणजे दोघांकडे एकच नोंद राहील.