थर्मोपिलीच्या ढालींवरच्या ‘लॅम्डा’बद्दल खुलासा

सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांमध्ये ग्रीसमधल्या स्पार्टाच्या योद्ध्यांबद्दल एक संदेश फिरतोय: ‘इ.स.पू. ४८० च्या थर्मोपिलीच्या लढाईत प्रत्येक स्पार्टनच्या ढालीवर लॅम्डा होताच. नसेल तर सैन्य चुकीचं.’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

लॅम्डाचा, म्हणजे उलट्या ‘व्ही’सारख्या ग्रीक अक्षराचा, उल्लेख युपोलिस या नाटककाराच्या एका तुकड्यात येतो. तो इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, थर्मोपिलीनंतर काही दशकांनी. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने तर ढालीवर खऱ्या आकाराची माशी काढणाऱ्या स्पार्टनचा किस्सा दिलाय. (२८ मिलिमीटरच्या सैनिकावर ती माशी काढून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.) तेव्हा ४८० साठी वेगवेगळी चिन्हं किंवा कोरी ढाल, दोन्ही चालेल. नंतरच्या पेलोपोनेशियन युद्धासाठी (अथेन्स विरुद्ध स्पार्टा) लॅम्डा बिनधास्त काढा.

त्याच संदेशात ‘कांसं हिरवट-तपकिरीच रंगवा’ असंही आहे. हे मात्र साफ चूक. पायलॉसला इ.स.पू. ४२५ मध्ये अथेनियनांनी जिंकलेली एक स्पार्टन ढाल अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे. तिची आजची हिरवट-तपकिरी कळा शतकानुशतकं जमिनीखाली राहिल्याची. प्राचीन ग्रीक लेखक झेनोफन लिहितो की कांसं चटकन उजळतं आणि उशिरा काळवंडतं. म्हणजे ढाल चिंचेने घासलेल्या तांब्यासारखी लखलखीत हवी. गडद तपकिरी पातळ रंग फक्त कडेच्या खाचेत सोडा.

लाल वस्त्र ठेवा, त्याला झेनोफनचाच आधार आहे. आणि तळाच्या चकतीवर चिकटवून झालेले सैनिक उखडू नका, भाले तुटतात.