बेसी स्मिथला कुणी दारातून हाकललं नव्हतं

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात माझ्या भाचीने भाषण केलं. अकरावीतली पोर, आठवडाभर आरशासमोर तयारी केलेली. शेवटी तिने बेसी स्मिथची गोष्ट सांगितली: अमेरिकेतली थोर काळी गायिका, अपघातात जखमी झाली, गोऱ्यांच्या इस्पितळाने दारातून परत पाठवलं आणि पायरीवरच रक्त वाहून ती मेली. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी तिच्याच वर्गातल्या एका मुलाने मोबाइल तिच्यापुढे धरला. "हे खोटं आहे. तुमचं सगळं असंच असतं."

त्या रात्री ती जेवली नाही. हा मजकूर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दर एप्रिलला आणि दर डिसेंबरला फिरतो. मीही तो एकदा न तपासता पुढे पाठवला होता. म्हणून आता एकेक दावा घेते.

"गोऱ्या इस्पितळाने तिला नाकारलं." नाही. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे अमेरिकेच्या दक्षिणेत मेम्फिसहून क्लार्क्सडेलकडे जाताना ६१ नंबरच्या हमरस्त्यावर तिची गाडी एका ट्रकच्या मागच्या बाजूवर आदळली. गाडी तिचा साथीदार रिचर्ड मॉर्गन चालवत होता. थोड्या वेळाने तिथे डॉ. ह्यू स्मिथ पोचला, मेम्फिसचा गोरा डॉक्टर, मित्राबरोबर मासेमारीला निघालेला. तिचा उजवा हात कोपरापाशी जवळजवळ तुटला होता, एक बाजू चिरडली होती. त्याने रस्त्यातच जखम बांधली, मित्राला अँब्युलन्स बोलवायला पाठवलं. वेळ जातोय म्हणून तिला स्वतःच्याच गाडीत घालायची तयारी चालू असताना आणखी एक गाडी येऊन त्याच्या गाडीवर आदळली. मग अँब्युलन्स आली आणि तिने बेसीला थेट क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या इस्पितळात नेलं. तिथे हात कापावा लागला. दुपारच्या आत ती गेली. म्हणजे "गोऱ्या डॉक्टरने हातही लावला नाही" हा त्याच मजकुरातला दुसरा दावाही गेला. पहिला हात त्यानेच लावला होता.

हे मी कुठून सांगते? क्रिस अल्बर्टसनने १९७२ मध्ये बेसीचं चरित्र लिहिलं. त्यासाठी तो खुद्द डॉ. स्मिथशी बोलला. त्या पहाटेबद्दल याहून भक्कम साक्ष मला दुसरी सापडली नाही. दंतकथा सुरू झाली ती जॉन हॅमंडच्या लेखातून, 'डाउन बीट' मासिकात, नोव्हेंबर १९३७ मध्ये. हॅमंड तिच्या गाण्यांच्या तबकड्यांचा शेवटचा निर्माता, पण तो घटनास्थळी नव्हता. ऐकीव गोष्टींवर लिहिलं हे त्याने पुढे कबूल केलं. तोवर एडवर्ड अल्बीने त्यावर नाटकही लिहून टाकलं होतं.

आता जे मान्य करायला जीवावर येतं ते मान्य करते, कारण त्याशिवाय त्या मुलाला उत्तर पूर्ण होत नाही. तिथली इस्पितळं रंगावरून वेगळी होती, हे शंभर टक्के खरं. डॉ. स्मिथ स्वतःच सांगतो की त्या कापसाच्या मुलखात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या इस्पितळात न्यायचा विचार कुठल्याही अँब्युलन्सवाल्याच्या, काळ्या किंवा गोऱ्या, मनातसुद्धा आला नसता. कुणाला हाकलायची गरजच पडत नव्हती. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवं का? सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच केला होता. तरी महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला हजारोंनी एकत्र जावं लागलं. त्याआधी तळ्यावर रोज कुणी काठी घेऊन उभं नव्हतं. कुणी जातच नव्हतं.

पायरीवरच्या मरणाच्या या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग येतो तो एका कारणासाठी. बेसीवरचा जो अन्याय कागदोपत्री उभा आहे, तो या मजकुरात एका ओळीनेही नाही. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावाच्या रस्त्यांवर भावाबरोबर गाऊन पोट भरणारी ही अनाथ मुलगी. फेब्रुवारी १९२३ मध्ये तबकड्या काढणाऱ्या कोलंबिया कंपनीसाठी तिने पहिलं गाणं भरलं आणि सहा महिन्यांत त्याच्या सात लाखांहून जास्त प्रती खपल्या असं सांगतात. तिला काय मिळालं? सुरुवातीला वापरलेल्या प्रत्येक गाण्यामागे १२५ डॉलर, एकदाच. त्यातलेही निम्मे तिला कंपनीत आणणाऱ्या पियानोवादकाने, क्लॅरेन्स विल्यम्सने, परस्पर घेतले, आणि तो स्वतः काळाच होता. हे कळल्यावर तिने नवा करार केला. त्या छापील करारातलं रॉयल्टीचं कलम कंपनीच्या फ्रँक वॉकरने पेनाने खोडलं. पुढे तिचा दर वाढला, पण कोलंबियासाठी भरलेल्या सुमारे १६० गाण्यांवर तिला रॉयल्टी मिळाली नाही. मंदीत, १९३१ ला, कंपनीने तिला सोडलं. १९३३ मध्ये शेवटची चार गाणी भरली ती प्रत्येकी साडेसदतीस डॉलरवर. तबकड्या मात्र ती गेल्यावरही विकल्या जात राहिल्या.

"ती बेवारस, भिकारी मेली." साफ चूक. मरेपर्यंत ती दौऱ्यावर होती, आणि भरात असताना तर आपल्या मंडळींसाठी स्वतःचा रेल्वेचा डबा घेतलेली बाई होती ती. फिलाडेल्फियात तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले.

"थडगं एका गोऱ्या रॉक गायिकेने बांधलं." अर्धं खरं. तेहतीस वर्षं थडग्यावर दगड नव्हता. १९७० मध्ये बसवला तेव्हा खर्च ती रॉक गायिका, जॅनिस जॉप्लिन, आणि ह्वानिटा ग्रीन या दोघींनी मिळून केला. ह्वानिटा ग्रीन ही काळी बाई लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायची. मजकुरातून नेमकं तिचंच नाव गळतं.

भाचीला मी दुसरं नाव दिलं आहे: ज्युलिएट डेरिकॉट. काळ्यांच्या फिस्क विद्यापीठात मुलींची डीन. विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी १९२८ मध्ये ती आपल्याकडे म्हैसूरला येऊन गेली होती. नोव्हेंबर १९३१ मध्ये जॉर्जियातल्या डाल्टनजवळ तिच्या गाडीला अपघात झाला. तिथलं इस्पितळ काळ्यांना घेत नव्हतं. डॉक्टरच्या खोलीत मलमपट्टी झाली, मग एका काळ्या कुटुंबाच्या घरात तिला ठेवलं, आणि पुढे सुमारे ५० किलोमीटरवरच्या गावी हलवावं लागलं. तिथे ती गेली. तिच्याबरोबरची एक विद्यार्थिनीही वाचली नाही. यावर अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी जळजळीत लिहिलं. याच डू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र पाठवलं होतं.

भाचीने सगळं वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "मावशी, तिला हलवलं ते गाव कुठलं?"

चॅटनूगा. बेसीचा जन्म तिथलाच.