तिसरं पाकीट

दर जुलैत आमच्या घरात एकच भांडण होतं. बाहेर पाऊस कोसळत असतो, वाळवंटी नदी दुथडी भरून वाहत असते, माझी सायकल व्हरांड्यात गंजत असते आणि दुपारी टीव्हीवर टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत. म्हापशाहून भाचा येतो. तो सायकलपटू पोगाचारचा भक्त. मी डोपिंगची, म्हणजे ताकद वाढवायला चोरून घेतलेल्या औषधांची, जरा शंका काढली की सुरू होतो, "मामा, तू अजून त्या डोपिंगवाल्या आर्मस्ट्राँगच्या जमान्यात आहेस. आता टीमच स्वतःच्या रायडरांवर लक्ष ठेवतात. स्वतःचे डॉक्टर, स्वतःच्या रक्ततपासण्या, सगळा डेटा."

बाबा रे, शंका तिथेच तर आहे.

जुन्या ओळखीच्या लोकांना ठाऊक आहे, खाणी चालू होत्या तेव्हा मी लोहखनिजाच्या लॅबमध्ये होतो. बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या बोटी, भरताना सॅम्पल घ्यायचं, त्याचा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. हे पुन्हा पुन्हा करत मूठभर उरलं की दळून पाकिटं भरायची. एक आमचं, एक खरेदीदाराचं आणि तिसरं दोघांच्या सह्या नि लाखेचं सील मारून बाजूला. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर ते तिसरं पाकीट तिसऱ्याच लॅबमध्ये फुटायचं.

आमच्या पाकिटातल्या खनिजात लोखंड किती टक्के आहे ते कसं मोजायचो तेही सांगतो. अ‍ॅसिडमध्ये विरघळवून ब्युरेटखाली धरायचं, थेंब थेंब डायक्रोमेट सोडायचं, रंग जांभळा झाला की थांबायचं. दारात साहेब उभे. "किती आलं?" "५७.४." "परत एकदा करून बघ रे." मी परत करायचो. आकडा जास्त आला तेव्हा मात्र "परत करून बघ" असं मला कधीच कुणी म्हटलं नाही. साहेब माणूस वाईट नव्हता, चवथीला आमची माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बघायला हटकून यायचा. मीही खोटं लिहिलं नाही. पण माझा पगार कुठून येतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आता सायकलिंग. २००७ च्या सुमारास, बदनामी अगदी गळ्याशी आल्यावर, सीएससी आणि स्लिपस्ट्रीमसारख्या टीमांनी स्वतःच्या खर्चाने अंतर्गत चाचण्या सुरू केल्या. केवढं कौतुक झालं! ते करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मी बोलत नाही. पण चाचणीचे पैसे टीमचे, अहवाल आधी टीमच्या हातात, आणि एखादा आकडा विचित्र आला तर त्या रायडरचं "पोट बिघडलं" म्हणून त्याला गुपचूप घरी पाठवायचं की नाही, तेही टीमनेच ठरवायचं. यात तिसरं पाकीट कुठे आहे?

आणि हे अंतर्गत तपासणीचं प्रकरण नवीन मुळीच नाही. ईपीओ, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारं औषध, ओळखणारी चाचणीच नव्हती तेव्हा, १९९७ मध्ये, यूसीआयने (सायकलिंगच्या जागतिक संघटनेने) हिमॅटोक्रिटवर ५० टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा त्याहून जास्त दिसला की रायडरला शर्यतीतून बाहेर काढायचं. मग टीमांनी काय केलं? हॉटेलच्या खोल्यांत छोटी सेंट्रिफ्यूज यंत्रं ठेवली आणि आपल्या पोरांचं रक्त स्वतःच तपासायला लागले. कुणी ५१ वर गेला तर सलाइनने रक्त पातळ करून आकडा खाली आणायचा. १९९८ च्या जागतिक स्पर्धेत आर्मस्ट्राँगसाठी टीमच्या डॉक्टरने रेनकोटखाली सलाइन लपवून, यूसीआयच्या माणसाच्या नाकासमोरून आत नेलं, अशी साक्ष पुढे आली. तपासणी चोख चालली होती हो, फक्त सापडू नये म्हणून.

मग पकडलं कुणी, ते बघा. १९९८ मध्ये फेस्टिना टीमची औषधांनी भरलेली गाडी अडवली ती सीमेवरच्या कस्टमवाल्यांनी. २००६ मध्ये स्पेनमध्ये डॉक्टर फुएन्तेसकडच्या, रायडरांच्या रक्ताच्या पिशव्या सापडल्या त्या पोलिसांना. आर्मस्ट्राँग शेकडो चाचण्यांतून निभावून गेला, त्याला बुडवलं ते अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या २०१२ च्या अहवालात साक्ष देणाऱ्या २६ जणांनी, त्यातले ११ त्याचेच जुने साथीदार. २०१९ चं ऑस्ट्रियातलं प्रकरण पोलिसांचं, २०२२ चं पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या टीमचंही पोलिसांचंच. लॅबने कुणाला पकडलंच नाही असं नाही, २००६ ची टूर जिंकलेला लँडिस लॅबमध्येच सापडला. पण टीमच्या टीम उघड्या पडल्या त्या बहुतेकदा बाहेरच्या धाडीने किंवा आतल्या माणसाच्या जिभेने.

आणि त्या जिभेचे हाल काय होतात? २००४ च्या टूरमध्ये सिमेओनी नावाचा इटालियन रायडर पुढे निसटला. त्याने आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध साक्ष दिली होती. पिवळी जर्सी अंगावर असलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे सुटला, त्याला गाठून परत आणलं आणि कॅमेऱ्यासमोर ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही.

ब्रिटनची टीम स्काय तर "झिरो टॉलरन्स"चा झेंडा घेऊन आली होती. २०११ च्या एका शर्यतीत पोचवलेल्या पाकिटात नेमकं काय होतं, असं ब्रिटिश संसदेच्या समितीने विचारलं, तर डॉक्टरांच्या नोंदी ज्या लॅपटॉपमध्ये होत्या तो म्हणे ग्रीसमध्ये सुट्टीवर असताना चोरीला गेला. आमच्या लॅबमध्ये निदान वह्या तरी होत्या!

भाच्याची बाजूही मांडतो, नाहीतर कमेंटमध्ये तो मांडेलच. २००८ पासून बायोलॉजिकल पासपोर्ट आहे. त्यात औषध शोधत नाहीत, एकाच माणसाचं रक्त वर्षानुवर्षं कसं बदलतं ते बघतात. २०२१ पासून यूसीआयच्या चाचण्यांचं काम आयटीए या वेगळ्या संस्थेकडे आहे. पूर्वीपेक्षा हे चांगलंच. पोगाचारविरुद्ध काही सिद्ध झालेलं नाही आणि मी त्याच्यावर आरोप करतही नाही. माझी तक्रार "आमची टीम स्वतः तपासते" या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य जाहिरातीत शोभतं. तपासताय ना, मग सगळे आकडे आधी बाहेरच्या माणसाकडे सीलबंद द्या आणि नंतर टीमच्या डॉक्टरला दाखवा.

परवा हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग मामा, तू बघतोस कशाला?"

काय सांगणार? घाट सुरू झाला, पोगाचार सीटवरून उठला, तेव्हा मीही खुर्चीच्या टोकावर आलो होतो. ते त्याने बघितलं होतं.