अत्याचार करणाऱ्यापुढे वाकल्याने घर बरे होत नाही

गेल्या काही आठवड्यांपासून सांगली, मिरज, तासगाव भागातील व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. ‘फॅमिली कॉन्स्टेलेशन’ नावाच्या दोन दिवसांच्या शिबिराची ती जाहिरात आहे. घरातील सततचे आजारपण, न जुळणारी लग्ने, मूल न होणे आणि न फिटणारे कर्ज यांचे मूळ मागच्या सात पिढ्यांत कुटुंबाने वगळलेल्या एखाद्या व्यक्तीत असते, असे तो सांगतो. ही पद्धत एका जर्मन मानसशास्त्रज्ञाने शोधली असून ती विज्ञानाने सिद्ध झाली आहे, पूर्वजांचे दुःख जनुकांतून आपल्यात उतरते आणि शिबिरातील अनोळखी माणसांना ते ‘क्वांटम फील्ड’मधून जाणवते, आईवडील कसेही वागले असले तरी त्यांच्यापुढे मनापासून वाकल्याशिवाय आयुष्य मोकळे होत नाही आणि तसे वाकल्यावर गोळ्यांचीही गरज उरत नाही, असेही त्यात लिहिले आहे. पलूसच्या माझ्या चुलत बहिणीने हा संदेश मला पाठवला आणि नैराश्यावरच्या गोळ्या थांबवून शिबिराला जावे का, असे विचारले. तिने निदान विचारले; न विचारता गोळ्या थांबवणारेही असतील, म्हणून हे जाहीरपणे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक मुद्दा वाकण्याचा आहे, म्हणून तो आधी घेते. या पद्धतीत एक जण आपला प्रश्न मांडतो आणि जमलेल्यांतून कोणाला आई, कोणाला वडील, कोणाला लहानपणीच वारलेला भाऊ म्हणून उभे करतो. शिबिर घेणारी व्यक्ती त्यांच्या जागा बदलते, त्यांना काय वाटते ते विचारते आणि त्यांच्याकडून ठरावीक वाक्ये म्हणवून घेते. शेवटी अनेकदा नमस्कार असतो. एरवी त्याला माझी हरकत नसती. परंतु या पद्धतीचे जनक बर्ट हेलिंगर यांनी, वडिलांनीच मुलीवर लैंगिक अत्याचार केला असेल तेथेही, पत्नी पतीपासून दूर राहिल्याने घरातील देण्याघेण्याचा तोल गेला आणि मुलगी आईच्या जागी आली, अशी मांडणी केली आणि अशा मुलीनेही वडिलांचा मान राखावा असे सांगितले. म्हणजे अपराध बापाचा, ठपका आईवर आणि वाकायचे मुलीने.

याला सर्वांत ठाम विरोध केला तो जर्मनीतील कुटुंबोपचारकांनीच. ‘सिस्टेमिशे गेझेलशाफ्ट’ या त्यांच्या व्यावसायिक संघटनेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला पोट्सडाम जाहीरनामा हेलिंगर यांच्या कामाचा बराच भाग नैतिकदृष्ट्या अस्वीकारार्ह आणि सहभागी व्यक्तींना धोकादायक ठरवतो. त्यात शरणागती पत्करायला लावणाऱ्या विधींचा आणि ‘असे केले तरच सुटका’ अशा निर्वाणीच्या भाषेचा स्पष्ट निषेध आहे. त्यापूर्वी १९९७ मध्ये लाइपझिग येथे हेलिंगर यांच्या शिबिरानंतर एका सहभागी स्त्रीने आत्महत्या केली होती. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते, त्यामुळे सारा दोष शिबिरावर टाकणे योग्य नाही. परंतु भरल्या सभागृहात एखाद्याची जखम उघडायची आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाची जबाबदारी कोणीच घ्यायची नाही, ही व्यवस्थाच धोक्याची आहे. आपल्याकडे तर ‘झाले ते झाले, पाया पड आणि विसरून जा’ हे मुलींना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील अत्याचाराची माहिती असणाऱ्यावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले, ते हीच दडपणूक थांबावी म्हणून. तीच दडपणूक आता उपचार म्हणून फी घेऊन विकली जाणार असेल, तर ती निमूटपणे पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने थांबून विचार करायला हवा.

‘जर्मन मानसशास्त्रज्ञ’ हे वर्णनही पूर्ण नाही. हेलिंगर (१९२५–२०१९) हे मुळात कॅथलिक धर्मगुरू होते. दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांमध्ये त्यांनी अनेक वर्षे मिशनरी म्हणून काम केले आणि धर्मगुरूपद सोडल्यावर ते मानसोपचाराकडे वळले. ‘विज्ञानाने सिद्ध’ या दाव्यात मात्र थोडे तथ्य आहे, ते नाकारणार नाही. हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये २०८ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना तीन दिवसांच्या शिबिरात घेतले, निम्म्यांना प्रतीक्षेत ठेवले. शिबिरातील लोकांची मानसिक स्थिती दोन आठवड्यांनी आणि चार महिन्यांनी अधिक चांगली आढळली. परंतु हे सर्वसाधारण लोक होते, रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. शिवाय दुसऱ्या गटाला काहीच न मिळाल्यामुळे, गुण पूर्वजांच्या मांडणीचा की तीन दिवस कोणीतरी आपले मन लावून ऐकले याचा, हे या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. थायरॉईड, वंध्यत्व किंवा कर्ज यांच्याशी तर त्याचा काहीही संबंध नाही.

जनुकांच्या दाव्यामागे बहुधा अमेरिकेतील संशोधक रेचल येहुदा यांचा अभ्यास असावा. त्यात ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्या ३२ व्यक्ती आणि त्यांची २२ अपत्ये होती, एका जनुकावरील रासायनिक खुणेत फरक दिसला, आणि तो संगोपनामुळे आला की वारशाने, हेही ठरवता आले नाही. त्यातून सात पिढ्या आणि शिबिरात होणारी सुटका कशी निघते, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावे. ‘क्वांटम फील्ड’बद्दल लिहिण्यात शब्द घालवत नाही. ‘तू या बाईचा मेलेला मुलगा आहेस’ असे सांगून रडणाऱ्या आईसमोर उभे केल्यावर कोणाच्याही छातीत दाटून येईल. त्याला भौतिकशास्त्र लागत नाही.

कर्जाचे म्हणाल तर तासगावच्या बागायतदाराला विचारा. ऐन फुलोऱ्यात आलेला अवकाळी पाऊस, औषधफवारणीचा खर्च आणि बेदाण्याचा पडलेला दर यांनी झालेले कर्ज पणजोबांच्या पहिल्या बायकोच्या नावावर टाकणे म्हणजे त्याच्या कष्टांचा अपमान आहे. मूल न होण्यामागे पुरुषातील कारणेही मोठ्या प्रमाणावर असतात. त्या तपासण्या टाळून सुनेच्या माहेरच्या पिढ्या उकरण्याची आणखी एक सबब आपल्या घरांना नको.

कुटुंबे दुःख लपवतात आणि त्या मौनाची किंमत पुढची पिढी मोजते, हे मात्र खरे आहे. कर्जापायी जीव दिलेल्या काकांचे नाव घरात निघत नाही, लहानपणीच गेलेल्या मुलीचा उल्लेखही होत नाही, आणि मुले त्या न सांगितलेल्या भीतीतच वाढतात. पण ही जाण हेलिंगर यांची नाही. मरे बोवेन आणि इव्हान बोझोर्मेनी-नाज या कुटुंबोपचारकांनी ती त्यांच्या आधी मांडली. व्हर्जिनिया सॅटिर यांनी तर कुटुंबीयांना प्रत्यक्ष उभे करून नात्यांतील अंतर दाखवण्याची रीतही वापरली. अशा कुटुंबोपचारात शक्यतो खरी माणसे समोरासमोर बसतात, काम अनेक आठवडे चालते आणि उत्तर आधीच ठरलेले नसते.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. नैराश्यावरची औषधे अचानक थांबवली तर चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो आणि मूळ आजार उलटू शकतो. म्हणून त्यांची मात्रा लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करतात. विचारायला जवळ कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. आणि ज्यांना शिबिराला जायचेच आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: शिबिर घेणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी आहे का, आणि शिबिर संपल्यावर रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार.