पांदणीची धावपट्टी करून घ्या, भाऊ

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडताहेत, आणि तुम्ही अजून पारावर बसून पांदणीच्या, म्हणजे वावरात जायच्या बैलबंडीच्या वाटेच्या, मोजणीवाल्याची वाट पाहताय. अशानं महाराष्ट्र पुढे कसा जायचा? आधी आनंद माना. "आपल्याले काय करायचं त्याचं?" असं चारचौघांत बोलूच नका. लोक विकासविरोधी म्हणतील, आणि तुमचं नाव तसंही पीककर्जाच्या थकबाकीत आहेच.

आनंद मानायचा तर आकडे पाठ हवेत. पहिल्या टप्प्याचा खर्च १९,६५० कोटी. न अडखळता म्हणता येईपर्यंत सराव करा. जागा १,१६० हेक्टर, एकरात हवी तर अडीचनं गुणून घ्या. सध्या वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय, सगळे टप्पे झाले की नऊ कोटी. २०११ च्या जनगणनेत अख्खं राज्य होतं सव्वाअकरा कोटी. म्हणजे पाळण्यातले आणि अंथरुणाला खिळलेले वगळले तर उभा महाराष्ट्र वर्षातून एकदा उलव्याला, म्हणजे या नव्या विमानतळावर, जाऊन उडू शकतो. तुमची पाळी येईल तेव्हा कापूस वेचणीचे दिवस नसावेत, एवढं पाहा.

मुंबईला दुसरा विमानतळ काहून लागला, हेही समजून घ्या. जुन्याला धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना कापून जाणाऱ्या. म्हणून एका वेळी एकच चालते. दोन भावांत एकच धुरा, म्हणजे बांध, असला की पेरणीच्या दिवशी जे होतं, ते तिथं रोज होत होतं. फरक इतकाच, की ते मोजणीचा अर्ज करून बसले नाहीत. त्यांनी उलव्याची नव्वदेक मीटर उंच टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं आणि ३,७०० मीटरची धावपट्टी काढली.

आता तुमच्या वावराकडे चला. नकाशात पांदण आहे. जागेवर डाव्या हाताला कुणीतरी तुरीची दोन तासं, म्हणजे ओळी, पुढे सरकवलेली, उजव्या हाताला तारेचं कुंपण. जुलैत खताची पोती घेऊन निघालेली बंडी अर्ध्यात आखापर्यंत फसते. काळी माती चाकाला थापत थापत आरे दिसेनासे होतात, बैल जिभा काढून उभे राहतात, मग पोतं डोक्यावर. तुम्ही तहसीलदाराकडे जाता. तिथं अडवलेली वाट मोकळी करून द्यायचा मामलेदार न्यायालय अधिनियम निघतो, १९०६ चा. राइट बंधूंचं विमान उडून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. विमान कुठल्या कुठे गेलं. तुमची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

पण कुरकुर नको. नवी मुंबईच्या विमानतळाची कल्पना १९९७ ची. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७, पर्यावरणाची २०१०, पायाभरणी २०१८, उद्घाटन ऑक्टोबर २०२५. एवढ्या मोठ्या लोकांनी एवढी वाट पाहिली, आणि तुमचा तर दीड किलोमीटर मुरूम.

तिथल्या गावांचं काय झालं, असा खवचट प्रश्न कुणी विचारेलच. दहा गावं उठली. त्या भागातले शेतकरी सरकारनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ मध्ये त्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर उतरले, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची गोष्ट निघाली. विमानतळाच्या वेळी ती साडेबावीसवर गेली. यात थट्टा करण्याजोगं काही सापडलं नाही. पुढे जाऊ.

आपल्याकडेही विमान आहे, विसरू नका. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं, ७२ आसनांचं, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. धावपट्टी १,८५० मीटर, म्हणजे नवी मुंबईच्या बरोब्बर निम्मी. विदर्भाला निम्मं मिळालं, हा खरं तर अनुशेष भरून निघाल्याचा पुरावा धरायला हवा. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढवायचा विषय तर कित्येक निवडणुका पाहून आलाय, पण तो अनुभवी विषय आहे, त्याला घाई नाही.

मालाचं म्हणाल तर नवी मुंबईतून पहिल्याच टप्प्यात वर्षाला पाच लाख टन माल उडवायची सोय आहे. वरुड-मोर्शीची संत्री पाठवा. फक्त कॅरेट बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं तुमचं तुम्ही पाहा, तेवढा टप्पा प्रकल्पात धरलेला नाही. कापूस मात्र पाठवू नका. विमानतळाशेजारी न्हावा-शेवा बंदर आहे. परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ पासून डिसेंबरअखेरपर्यंत माफ होतं. उगाच समोरासमोर गर्दी कशाला?

तेव्हा आता नवा अर्ज करा. विषय लिहा: धावपट्टी मंजूर करणेबाबत. पांदण हा शब्द कुठेही येऊ देऊ नका, बैलबंडी तर नाहीच. पूर्व-पश्चिम पांदण असेल तर तिला ०९-२७ म्हणा. धावपट्टीचा नंबर दिशेच्या अंशावरून पडतो, साहेबांना बरं वाटेल. तुरीची तासं "अडथळा" म्हणून दाखवा. तलाठीभाऊ विचारतील, विमान कुणाचं उतरणार आहे? सांगा, पाहणी दौऱ्याचं. मग मोजणी लवकर लागेल. पोच मात्र तिथंच मागून घ्या, आणि शिक्का नीट उमटला का ते पाहा. पॅडची शाई बहुतेक वाळलेली असते.