6 महिन्यांच्या कोर्सने कुणी गुन्हे शाखेत जात नाही

गेले काही आठवडे नाशिकमधल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मलाच तो पाच जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: 'बारावी पास? 6 महिन्यांचा डिटेक्टिव्ह कोर्स करा आणि थेट गुन्हे शाखेत किंवा सीआयडीत लागा. मैदानी नाही, वर्दी नाही. फॉरेन्सिकवाल्यांना प्राधान्य. प्रशिक्षण त्र्यंबक रोडच्या अकादमीत. तपासाचे अधिकार देणारं ओळखपत्र मिळेल.'

मी शिपाई म्हणून खात्यात लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधली 11 वर्षं गुन्हे शोध पथकात, म्हणजे डीबीत गेली. आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या आईने या मेसेजपायी हातातल्या बांगड्या मोडून फी भरली, म्हणून हे लिहितोय.

'थेट लागा' इथूनच खोटं सुरू होतं. महाराष्ट्र पोलिसांत 'डिटेक्टिव्ह' नावाचं भरतीचं पद नाही. मुख्य वाटा दोन: बारावीनंतर पोलीस शिपाई, नाहीतर कुठलीही पदवी घेऊन एमपीएससीतून फौजदार. शहरातली गुन्हे शाखा, ग्रामीणची एलसीबी म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, पुण्यात मुख्यालय असलेली सीआयडी, या सगळीकडे तपास करणारी माणसं खात्यातूनच नेमली जातात. डीबीसाठी तर परीक्षाही नसते, पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक माणूस हेरतात. त्याआधी काही वर्षं बंदोबस्त, रात्रगस्त, समन्स-वॉरंटची बजावणी. पोरांना हे दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. मला तसं वाटत नाही. वॉरंट घेऊन दारोदार फिरताना कुठल्या चाळीत कोण राहतं, कोण कुणाचा मेव्हणा, हे डोक्यात बसतं. पुढे खबर आली की ती खरी का खोटी, हे त्यावरूनच कळतं.

'मैदानी नाही.' आहे. शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची असते: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण पडले तरच 100 गुणांच्या लेखीचा विचार करायचा. उंची मुलांना 165 आणि मुलींना 155 सेंटीमीटर लागते, काही गटांना सवलत आहे. डीबीतली माणसं साध्या कपड्यांत फिरतात हे खरं, पण ती आधी वर्दी मिळवून आलेली असतात.

फॉरेन्सिकचा मुद्दा जरा सावकाश घ्यायला हवा, कारण यात चांगली हुशार मुलं फसतात. फॉरेन्सिकची पदवी वाईट नाही. पण तिची वाट प्रयोगशाळेकडे जाते, आणि तशी शासकीय प्रयोगशाळा नाशकातही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात 7 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. तो तज्ज्ञ पुरावे गोळा करतो. आरोपीमागे धावायचं, ते आम्ही.

ते धावणं कसं असतं? गंगापूर रोडला एका आजींची पोत ओढून नेली होती. आम्ही दोघे रस्त्यालगतच्या दुकानांचे कॅमेरे बघत निघालो. पहिला धडा हा की प्रत्येक दुकानातल्या कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं. मेडिकलवाल्याचं 7 मिनिटं पुढे, शेजारच्या डेअरीचं 4 मिनिटं मागे. म्हणून प्रत्येक ठिकाणी आपल्या मोबाईलची वेळ आणि स्क्रीनवरची वेळ वहीत शेजारी-शेजारी लिहायची, तेव्हा कुठे गाडीची दिशा जुळते. जुनं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे उद्यावर ढकलता येत नाही. तिसऱ्या दिवशी रात्री दिसलं: मागे बसलेल्याने वाटेत शर्ट बदलला होता, पण गाडीला उजवीकडचा आरसा नव्हता. तेवढ्यावरून आम्ही गॅरेजं धुंडाळली. गाडी सापडली तरी काम संपत नाही. फुटेजला प्रमाणपत्र जोडा, पंच आणा, पंचनामा लिहा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही, म्हणून पोत परत मिळणं आणि ती कशी मिळाली हे कागदावर येणं, यावरच सगळं टिकतं. यातलं काय 6 महिन्यांत एका खोलीत बसून शिकवणार?

त्र्यंबक रोडच्या अकादमीबद्दल, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अकादमीबद्दल एवढंच: आधी निवड होते, मग तिथे प्रशिक्षण. फौजदार तिथेच घडतात. फी भरून तिथे बसता येत नाही.

आणि ते ओळखपत्र. त्या मुलीने मला दाखवलं. निळी फीत, लॅमिनेशन, वर सिंहमुद्रेसारखं चित्र, खाली 'इन्व्हेस्टिगेशन ऑफिसर'. पोर ते जपून रुमालात ठेवते. खासगी गुप्तहेर संस्थांसाठीचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. खासगी गुप्तहेराला झडतीचा, चौकशीला बोलावण्याचा, कुणाचे कॉल रेकॉर्ड मागवण्याचा अधिकार नाही. ते कार्ड दाखवून तिने कुठे पोलिसी चौकशी केली असती, तर लोकसेवक असल्याची बतावणी म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली तीच आरोपी झाली असती. शिक्षा किमान 6 महिने, कमाल 3 वर्षं.

तिला म्हटलं, बाळा, हे कार्ड वापरू नकोस, फाडूही नकोस, तो पुरावा आहे. फीची पावती आणि तो मेसेज सोबत घे. सोमवारी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात जाऊन फसवणुकीचा अर्ज देतोय. तुमच्याकडेही असं कार्ड असेल, तर तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा.