‘हार्टला करंट देतात’ वाला फॉरवर्ड, आणि आमच्या मामांची तीन आठवड्यांची खोटी

गेल्या आठवड्यात तो फॉरवर्ड परत आला, आमच्याच घरच्या ग्रुपवर, तिसऱ्यांदा. ज्यांना वाचायचा योग आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: ठोके अनियमित झाले की डॉक्टर ‘पेशंट जागा असताना छातीला लाईटचा करंट लावतात’, त्याने हार्ट कायमचं कमजोर होतं, हा सगळा पैसे काढायचा धंदा आहे, करंट घेतलाच तर रक्त पातळ करायच्या गोळ्या त्याच दिवशी बंद करा, आणि परत ठोके बिघडले तर समजा फसवलं. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

या करंटच्या उपचाराला कार्डिओव्हर्जन म्हणतात, आमच्या मामांचं हे सगळं झालंय म्हणून लिहितेय. वय 61, सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आयुष्य गेलं. गड्ड्याच्या जत्रेआधी धाप लागायला लागली, नाडी कधी 130 कधी 150, आणि तीसुद्धा बेताल. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हार्टचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात.

आता पहिलं, जागेपणी करंट. असं नसतं हो. सहा तास उपाशी ठेवतात, सुईतून झोपेचं औषध देतात, काही मिनिटांची गाढ झोप लागते आणि तेवढ्यातच उरकतं. मामा डोळे उघडून म्हणाले, ‘अजून डॉक्टर आले नाहीत का?’ छातीवर पॅड चिकटवले होते तिथे दोन दिवस उन्हाने भाजल्यासारखं लाल होतं, मामी ॲलोवेरा लावत बसल्या. मानसिक आजारात डोक्याला शॉक देतात तो वेगळा, आणि बंद पडलेल्या हार्टला सिनेमात देतात तोही वेगळा, फॉरवर्डवाल्याने तिन्हीची भेळ केलीय.

लाईटचा करंट म्हणाल तर घरातला 230 व्होल्टचा एसी करंट सेकंदाला 100 वेळा दिशा बदलतो आणि तुम्ही हात सोडवेपर्यंत चालूच राहतो. हा डीसी असतो, मोजून दिलेला, साधारण 120 ते 200 ज्यूल, काही मिलिसेकंदांचा. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली ती म्हणजे बटण दाबलं तरी मशीन लगेच शॉक देत नाही, ईसीजीवर ठोक्याचा उंच काटा येईपर्यंत थांबतं आणि बरोबर त्याच्यावर सोडतं, कारण त्याच्या नंतरच्या नाजूक क्षणी पडला तर ठोके अजून भयंकर बिघडू शकतात. मामांना हे लगेच पटलं. मागावर ताण्याचे धागे वर-खाली झाले की मधून धोटा जायला पाहिजे, टायमिंग चुकलं की धोटा अडकतो आणि शेकडो धागे तुटतात, मग दिवस गेला. डॉक्टरांच्या चित्रापेक्षा हे जास्त कळलं त्यांना. आणि ही पद्धत काय कालची नाही, बर्नार्ड लाऊन नावाच्या डॉक्टरने 1962 मध्ये आणलेली आहे.

हार्ट कमजोर होतं? उलट ठोके महिनोन्‌महिने 140-150 वर पळत राहिले तर त्यानेच हार्टचा स्नायू थकून कमजोर होतो.

आता गोळ्या बंद करायची ओळ. बाकी फॉरवर्ड हसण्यावारी नेता येईल, ही ओळ मात्र माणसाला लकवा मारायला लावेल. वरचा कप्पा थरथरतो तेव्हा त्यातल्या एका छोट्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचतं, साचलं की गुठळी होऊ शकते. ठोके सुधारले आणि कप्पा परत आकुंचन पावायला लागला की ती गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून आधी किमान तीन आठवडे गोळ्या न चुकता. तेवढा वेळ नसेल तर तोंडातून नळी घालून सोनोग्राफी करून गुठळी नाही ना हे बघतात, आणि पेशंटचं बीपीच ढासळत असेल तर मग कशाचीच वाट बघत नाहीत. शॉक झाल्यावर ईसीजी एकदम छान दिसतो, पण तो कप्पा काही आठवडे सुस्तच असतो, गुठळी तेव्हाही होऊ शकते, म्हणून नंतर किमान चार आठवडे. पुढे चालू ठेवायच्या का हे वय, बीपी, शुगर, आधी लकवा झाला होता का यावर ठरतं, ईसीजी चांगला आला यावर नाही. रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीवर (वॉरफरिन वगैरे) असाल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, 2 ते 3 मध्ये पाहिजे, आणि लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आवळलेली असेल तर सहसा जुनीच गोळी देतात, शेजारच्याची नवी गोळी मागून घेऊ नका.

मामांनी काय केलं, तर जत्रेच्या गर्दीत सलग तीन दिवस गोळी विसरले. ठरलेल्या तारखेला उपाशी पोटी हॉस्पिटलात गेलो, नर्सने विचारलं एकही चुकली नाही ना, मामा गप्प, मामीच बोलल्या. डॉक्टरांनी परत पाठवलं, तीन आठवडे पहिल्यापासून मोजा म्हणाले. रिक्षात मामा चिडून गप्प बसले होते, घरी येऊन भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली तेव्हा कुठे बोलले. पैसे काढायचा धंदा असता तर त्याच दिवशी उरकलं नसतं का?

राहिलं ‘परत आलं म्हणजे फसवलं’. बहुतेकांचे ठोके तिथल्या तिथे ताळ्यावर येतात, पण वर्षभरात साधारण निम्म्या लोकांत ते परत बिघडतात, आणि हे चांगले डॉक्टर आधीच सांगतात. कार्डिओव्हर्जन ठोका ताळ्यावर आणतं, तो बिघडायचं कारण काढत नाही. बीपी, वजन, थायरॉईड, दारू, घोरताना श्वास अडकणं, हे तसंच राहिलं तर तो परत येणार. मग औषध बदलतात, परत शॉक देतात, नाहीतर अॅब्लेशनचं बघतात, म्हणजे ठोके बिघडवणारा हार्टमधला बारीक भाग नळी घालून निकामी करणं.

ज्यांची तारीख लागलीय त्यांनी सोबत एक माणूस न्या, बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात, पण 24 तास गाडी चालवायची नाही. मामांनी ‘सात रस्त्यापर्यंतच जातो’ म्हणून स्कूटरची किल्ली मागितली होती, मामींनी ती गोळ्यांच्या डब्यात टाकून डबा वर ठेवला.